डावा वळसा

"वहिनी, आज वाती वळत बसलीस वाटतं. उशीर झाला तुला."

कुमुद नुकतीच देवळातून आली होती. न्हाणीत पायांवर पाणी घेताना आतल्या खोलीतून नणंदेचा आवाज आला, तसा हातातला तांब्या धरून ती क्षणभर थांबली.

"वाती नाही गं. हारवालीचा हार गुंफून व्हायचा होता, थांबावं लागलं."

"तरीच. मी म्हटलं, अजून पाय कसा आला नाही."

हेमांगी पलंगावर उताणी होती आणि घड्याळ तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर होतं. तिला वेळ कळत होती ती डाव्या खुब्यातून. कुमुद तिकडे चालायला लागली की हिच्या हाडाच्या आत बारीक टिकटिक सुरू व्हायची. मुंगीने पाऊल टाकावं तशी, असं ती सांगायची. कुमुद थांबली की टिकटिकही थांबायची. मिरजेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात या दोघीच राहत. कुमुद विधवा भावजय, हेमांगी बिनलग्नाची नणंद. आणि आषाढापासून दोघींत मिळून चालणारी एकच उरली होती.

आषाढातली ती सकाळ कुमुदच्या डोळ्यांसमोरून हलत नसे. हेमांगी तिला रोज स्कूटरवरून दत्ताच्या देवळात सोडून पुढे शाळेच्या मैदानावर जायची. मुलींना खो-खो शिकवायची ती. स्कूटर नव्या धर्तीची, स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारी. ओल्या रस्त्यावर एक रेडकू आडवं आलं. स्कूटर जागच्या जागी उभी राहिली, कुमुद मागच्या बैठकीवर तशीच बसून राहिली, आणि हँडल धरलेली हेमांगी तेवढी उडून दुभाजकाच्या कडेवर डाव्या अंगावर आपटली. कुमुदच्या कोपराला नुसतं खरचटलं होतं. ते खरचटणं तिला फार दिवस लाजवत राहिलं.

मांडीच्या हाडाचा वरचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या एका खोलगट वाटीत फिरतो. ती खुब्याची उखळ. हेमांगीच्या मांडीच्या हाडाने मुसळासारखा घाव घालून ही उखळच फोडली होती. पूर्वी अशा वेळी तुकडे पट्ट्या-स्क्रूंनी जोडत आणि माणसाला तीन-चार महिने पाय टेकू देत नसत. हाड जुळायचं, पण पोकळ राहायचं. कारण हाडाचा स्वभाव असा, की जिथे भार पडतो तिथे ते भरतं आणि जिथे पडत नाही तिथे झिजतं. पाय टेकला तर जोड निसटतो, न टेकला तर हाड भरत नाही. या पेचातून वाट काढणारी जाळी नुकतीच निघाली होती.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टर तहसीन मुल्लांनी दोघींना ती जाळी तळहातावर ठेवून दाखवली. वाळल्या दोडक्याच्या आतल्या धाग्यांसारखी दिसत होती. तुकड्यांच्या फटींत ती बसवायची आणि तिच्यात हेमांगीच्याच हाडातल्या पेशी पेरायच्या. बाहेरून इशारा मिळाला की जाळी केसाएवढी आकसते आणि सुटते. पेशींना वाटतं, माणूस चालतंय. मग त्या जिथे दाब तिथे हाड घालत जातात. काही महिन्यांनी जाळी विरघळून जाते आणि मागे नुसतं हाड राहतं.

"इशारा यंत्रानेच का नाही देत?" हेमांगीने विचारलं होतं.

"आधी तेच केलं," डॉक्टर म्हणाल्या. "ठोके अगदी सारखे पडायचे. हाड विटेसारखं झालं. मजबूत, पण चालायला लागलं की ठणकायचं. माणूस काही यंत्रासारखं चालत नाही. म्हणून माणसाचीच चाल द्यायची. तुमच्याच उंची-वजनाचं, खुबे धड असलेलं कोणी असेल तर सांगा. कमरेला पट्टा, चपलेत भार टिपणारे पातळ तळवे. ते चालतील, तुमच्या जाळीला कळेल. लयदान म्हणतात त्याला."

"ही आहे ना. हिचे ब्लाऊज मला बसतात, चालही बसेल."

कुमुदने मान डोलावली होती. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. देवानेच फेड करायची संधी दिली असं तिला वाटलं. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, की रोज सकाळी तासभर तरी चालायचं, सरळ वाटेने, आणि वळायचं झालं तर जितकं उजवीकडे तितकंच डावीकडे. पट्टा पायावरचा भार तेवढा मोजणार होता. माणूस कुठे जातं, कसं वळतं याची पाळत नको म्हणून तशी सोय त्यात मुद्दाम ठेवलेली नव्हती.

आणि कुमुद रोज सकाळी पट्टा बांधून सरळ दत्ताच्या देवळात जात होती आणि चपला काढून, त्यांतले तळवे पायमोज्यांत सरकवून, तिथल्या औदुंबराला प्रदक्षिणा घालत होती.

आषाढी एकादशीला तिने तसा संकल्प सोडला होता. चातुर्मासभर रोज औदुंबराच्या फेऱ्या. पारावर दोन वाट्या ठेवायच्या, एकीत चिंचोके भरून. फेरी झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा. पहिली वाटी रिकामी होईतो कोणाशी बोलायचं नाही. फेऱ्या घातल्यावर गुडघे भरून येत, मग आणखी तासभर नदीकडच्या रस्त्याने चालणं तिला झेपेना. चालणं ते चालणं, तिने स्वतःला समजावलं. एकाच चालण्यात दोन्ही कामं होत असतील तर देवालाही बरंच वाटेल.

"सरळ रस्त्याने चालता ना?" डॉक्टरांनी श्रावणात विचारलं होतं.

"सकाळी देवळाच्या बाजूला जाते," ती म्हणाली होती. यात खोटं काही नव्हतं. व्रतात खोटं बोलायचं नसतं, आणि ती बोललीही नव्हती. फक्त पुढचं वाक्य तिने गिळलं होतं.

दुसरंही एक वाक्य ती गिळत आली होती. देवळात येणाऱ्या बायका तिच्या पाया पडायला येत. "नणंदेसाठी एवढं करते. भावजय असावी तर अशी." प्रदक्षिणेत बोलायचं नाही, म्हणून ती गप्प राही. पुढे फेऱ्या संपल्यावरही गप्पच राहू लागली. कारण हेमांगी पडली त्याच्या आधीच संकल्प सुटलेला होता. तो गार्गीसाठी होता, कुमुदच्या लेकीसाठी. गार्गी दूर रॉटरडॅमला होती. तिचे दोन गर्भ राहून गेले होते, आणि या वेळी सातवा महिना लागू दे एवढंच कुमुदने मागितलं होतं.

नवरात्र झाल्यावर तपासणी होती. पडद्यावर उखळीचं चित्र फिरत होतं आणि डॉक्टर ते पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होत्या.

"हाड छान भरलंय," शेवटी त्या म्हणाल्या. "पण एकाच अंगाला. मागची भिंत अशी जाड झालीय, आणि ही पुढची कडा बघा, पापडासारखी. आत्ता उभं केलं तर माथा पुढे घसरेल."

"म्हणजे मी उभी राहणारच नाही?" हेमांगीने हसत विचारलं. हसताना तिने चादर मुठीत धरली होती.

"दिवाळीनंतर जाळी विरघळेल. तोवर जे हाड झालं तेच कायमचं. नाही सुधारलं तर परत उघडावं लागेल, नाहीतर अख्खा सांधा बदलावा लागेल. मैदानावर पळणं मग विसरायचं." डॉक्टर कुमुदकडे वळल्या. त्यांचा आवाज पडला होता. "वहिनी, तुमच्याच चालीत थोडी ओढ असणार, आम्हाला सुरुवातीला दिसली नाही. निवडताना चूक आमची झाली. मी दोघींची माफी मागते."

कुमुद खुर्चीच्या कडेला सरकली. तिने हेमांगीकडे पाहिलं. हेमांगी छताकडे बघत होती. सांगायचं तर याच क्षणी सांगायचं, असं कुमुदला वाटलं. आणि तिच्या तोंडून निघालं ते, "नाही हो, तुम्ही कशाला माफी मागता."

डॉक्टरांना तो मोठेपणा वाटला.

घरी आल्यावर तिने देवापुढे दिवा लावला, पण स्तोत्र पुढे जाईना. दर ओळीला ती पहिल्या शब्दावर अडत होती. शेवटी तशीच उठली आणि हेमांगीच्या पलंगाशी स्टुलावर बसली.

"हेमू, तुझ्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही. मी सरळ चालत नव्हते गं. औदुंबराला फेऱ्या घालत होते. रोज. पट्टा बांधून."

हेमांगीने उशी जरा वर ओढली. मग म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय?"

"अगं, पंचवीस वर्षं मुलींना खांबाभोवती वळवतेय मी. खांबाला वळसा घालणारा पाय मला कळणार नाही? बाहेरचा पाय लांब पडतो, आतला आखडतो. पहिल्या आठवड्यातच कळलं, की ही बया झाडाभोवती फिरतेय."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"एवढं वाकडं होईल असं नव्हतं वाटलं." हेमांगीने चादरीची घडी अंगठ्याने सारखी केली. "आणि सांगितलं असतं तर तुझ्या फेऱ्या बंद झाल्या असत्या. पहाटे टिकटिक सुरू झाली की मी डोळे मिटून पडायचे. म्हणायचे, बघ, कोणीतरी आपल्यासाठी देवाभोवती फिरतंय. आई गेली तेव्हा मी लहान. दादा होता, पण तो कुठला देवाधर्माचा. माझ्यासाठी कोणी कधी देवाला काही बोललं नव्हतं, वहिनी. मला ते आवडलं. त्यापायी हाड वाकडं झालं तर झालं."

कुमुदला वाटलं, इथेच थांबावं. नणंदेचा हात हातात घ्यावा आणि गप्प राहावं. कोणालाही काही कळणार नव्हतं. दोघींचंही बरं झालं असतं.

"हेमू, ते तुझ्यासाठी नव्हतं."

बाहेर कोणीतरी गच्चीवरच्या टाकीचा पंप लावला. त्याची घरघर सुरू झाली आणि चालू राहिली.

"गार्गीसाठी होतं. तू पडायच्या आधी संकल्प सोडला होता मी."

"आणि मी पडल्यावर?"

"पडल्यावरही तिच्यासाठीच. संकल्प मधे बदलता येत नाही."

"मला वाटायचं तसं वाटू दिलंस."

"हो."

हेमांगीने मान भिंतीकडे वळवली. तिच्याही कमरेला पट्टा होता आणि त्यावर बोटाएवढी कळ होती. ती तिने दाबली, तसा त्यावरचा हिरवा ठिपका विझला.

"चूक झाली गं माझी," कुमुद म्हणाली.

"दमलेय मी. जेवण कामवाल्या बाईंकडून पाठव."

कुमुदने त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावला आणि गिळलेलं सगळं, देवळाच्या बाजूला या शब्दांपासून, सांगून टाकलं.

"चूक आमची नव्हती, हे ऐकून मला बरं वाटायला हवं," डॉक्टर मुल्ला म्हणाल्या. "वाटत नाहीये." मग त्यांचा नेहमीचा कामाचा आवाज परत आला. "एक आहे. उजव्या वळशाने जे झालं ते डाव्या वळशाने भरून निघू शकेल. तेवढाच लहान घेर, रोज तेवढाच वेळ, फक्त उलटा. जाळी विरघळायच्या आत. आणि उजवीकडची एकसुद्धा फेरी आता नको. जमेल?"

"जमेल," कुमुद म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

चातुर्मास संपायला थोडेच दिवस उरले होते. व्रत मोडणं एक वेळ तिने सोसलं असतं. पण डावा फेरा कधी घालतात ते तिने पाहिलं होतं. नवऱ्याच्या वेळी, मडकं खांद्यावर घेऊन पुतण्या तसा फिरला होता. आता तसे फेरे ती स्वतःच्या पायाने घालणार, रोज, आणि तिकडे गार्गीच्या पोटात बाळ. तिने नको तो विचार मनातून काढला, तो परत आला. तिने लेकीला फोन केला.

"तुझ्यासाठी काही बोलले होते गं देवाला. पुरं होणार नाही आता."

"माझ्यासाठी?" गार्गी चकित झाली. "आई, तू मला बोललीच नाहीस. मी कुठे मागितलं होतं? आत्या कशी आहे ते सांग."

कुमुदने हवापाण्याचं विचारून फोन ठेवला.

सकाळी ती देवळात गेली. औदुंबराला लांबूनच नमस्कार केला. "माझं अर्धंच राहिलं, महाराज," ती हळू आवाजात म्हणाली. "जे वाईट व्हायचं असेल ते माझ्यावर घाला. मुलीवर नको, आणि हिच्यावरही नको." चिंचोक्यांच्या दोन्ही वाट्या तिने पिशवीत भरल्या आणि ती शाळेच्या मैदानावर गेली.

खो-खोचा खांब मैदानाच्या टोकाला एकटा उभा होता. मुलींच्या हातांनी तो गुळगुळीत झालेला. कुमुदने सवयीने चपला काढल्या, मग तळवे चपलेतच आहेत हे आठवून पुन्हा घातल्या. भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही वाट्या खांबाशी ठेवल्या. डावा हात खांबाकडे करून ती वळली. फेरी पुरी झाली तेव्हा तिने भरल्या वाटीतला एक चिंचोका उचलून रिकाम्या वाटीत टाकला. तो टणकन वाजला.

तिच्या पट्ट्यावरचा ठिपका विझलेलाच होता. पलीकडची कळ बंद होती. म्हणजे ही चाल कुठेच पोचत नव्हती. तरी ती चालली.

दुसऱ्या दिवशीही चालली, तिसऱ्याही. घरी हेमांगी कामापुरतं बोलायची. भात कोमट आहे का, उशी वर घे, खिडकी लाव. "कळ लाव गं," असं म्हणायला कुमुदची जीभ रेटत नव्हती. मागायचा हक्कच तिच्याकडे उरला नव्हता. तिची हेमांगीसाठीची भीती आणि गार्गीसाठीची भीती एकमेकींत इतकी मिसळून गेली होती, की कोणती कोणासाठी ते आता देवाला तरी कळत असेल का, असं तिला वाटे. वसुबारसेला मैदानावर धुकं होतं. खांबाभोवती गवत पडून गोल वाट दिसू लागली होती. फिरता फिरता तिची नजर कमरेकडे गेली. ठिपका हिरवा होता.

तिने पाऊल थांबवलं नाही. थांबवायची भीती वाटली. थोड्या वेळाने फोन वाजला.

"वहिनी."

"हं."

"मुलींनी सांगितलं, मैदानावर खांबाला उलटी फिरतेस म्हणून. आतला पाय घासतेयस. उचल. आणि खांबाला एवढी चिकटू नकोस, हातभर सोड."

कुमुदने हातभर सोडलं.

"कोणाच्या नावाने चाललंय हे?"

"कोणाच्याच नाही. नुसती चालतेय."

"चिंचोके मोजतेयस ना? मधेच अडतेस, वाकतेस, ताल मोडतो. ठेव ते बाजूला. मला आत कळतंय, मी मोजते. तू वळ."

कुमुदने वाट्या तिथेच गवतात राहू दिल्या. कोणाच्या तरी मोजण्यात आपण चालतोय, हे तिला देवळातही कधी इतकं जाणवलं नव्हतं.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास जाळी विरघळली. डॉक्टर मुल्लांनी चित्र फिरवून फिरवून पाहिलं. पुढची कडा भरली होती. पुरती नाही, पण भार सोसण्याइतकी. "पळणं मी आज सांगत नाही," त्या म्हणाल्या. "उभं राहणं सांगते." आणि हेमांगी वॉकर धरून उभी राहिली. पहिलं पाऊल टाकल्यावर तिने तोंड वाकडं केलं.

"अगं वहिनी, ही तर तुझी चाल. डावा पाय तुझ्यासारखाच जरा फेकला जातोय. आता जन्मभर तुला घेऊन चालायचं का मी?"

कुमुदला हसावं की रडावं कळेना. ती वॉकरचा पाय सरळ करण्याच्या निमित्ताने खाली वाकली.

पुढच्या आठवड्यात हेमांगीने हट्टाने मैदानावर न्यायला लावलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या, तिने त्यांना दटावून पळायला लावलं. मग वॉकर टेकत टेकत खांबापर्यंत आली. गवतातली गोल वाट अजून दिसत होती. ती जरा वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि उजवा हात खांबाकडे करून वळली.

"हेमू, उजवीकडे नको," कुमुद घाईने पुढे झाली.

"एकीने काही होत नाही. विचारलंय मी मुल्लाबाईंना."

"पण कशाला?"

हेमांगीने वॉकर पुढे सरकवला, पाऊल टाकलं, श्वास घेतला.

"तुझ्या राहिलेल्यातली एक. गार्गीच्या बाळासाठी." पुन्हा वॉकर, पुन्हा पाऊल. "मी सांगून घालते बघ, कोणासाठी ते. तुझ्यासारखी नाही."

ते लागायला हवं तिथेच लागलं. नणंद पडली तर सावरायला म्हणून कुमुदने दोन्ही हात पसरले आणि तिच्या मागोमाग, तिच्याच पावलाने, ती खांबाभोवती फिरू लागली.